कर्ण्याच्या मागचं घर

आबा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, कारण सांगण्यासारखं जे होतं ते सगळं भांडणच होतं. आज ते भांडायला बसले आहे. निमित्त तुमच्याच धंद्यातलं आहे. गेल्या महिन्यात मी होम थिएटर विकत घेतलं. शहापूरच्या माझ्या घरातल्या बाहेरच्या खोलीत, दहा बाय अकराच्या, जिथे पलंग, कपाट आणि आईची खुर्ची ठेवली की चालायला एक पट्टा उरतो, तिथे. तुम्ही अख्ख्या तालुक्याला गाणी ऐकवलीत आणि तुमच्या मुलीला स्वतःच्या घरात आवाज आणायला पन्नाशी गाठावी लागली. हे ऐकून तुम्ही हसणार नाही, मला माहीत आहे. तसे तुम्ही हसत नव्हताच.

गावातली बाकीची पोरं बापाला अरे-तुरे करायची. आमच्या घरात तुम्हाला अहो-जाहो होतं, तेही दबक्या आवाजात. कुणाची हळद असो, साखरपुडा असो, शाळेचं झेंडावंदन असो, तुमचे दोन कर्णे आणि ॲम्प्लिफायर जीपमध्ये बसून निघायचे. डोळखांबच्या ज्या पाड्यांवर वीज नव्हती तिथे बॅटरी घेऊन गेलात. म्हसा गावच्या जत्रेत तर तुमचा मुक्काम असायचा. हरवलेल्या पोरांची नावं तुमच्या माईकवरून पुकारली जायची. लोक तुम्हाला स्पीकरवाले म्हणायचे आणि मला स्पीकरवाल्यांची पोरगी. वर्गातल्या मुलींना वाटायचं, हिच्या घरी दिवसभर गाणी वाजत असणार. मी हो म्हणायचे. कुठलं गाणं लागतं विचारलं तर हळदीत ऐकलेलं एखादं सांगून टाकायचे. खोटं बोलायला मी तिथेच शिकले, आणि चांगली शिकले.

एक दुपार अजून तशीच्या तशी दिसते. मी पाचवीत आहे. तुम्ही धसईकडची हळद वाजवून सकाळी परत आला आहात आणि ओटीवर झोपला आहात. आई चुलीपुढे भाताची पेज गाळते आहे. पितळी झाकण तिच्या हातून निसटतं, पाट्यावर पडतं आणि गरगरत राहतं. ते थांबायच्या आत तुम्ही आत येता, भाताचं पातेलं उचलता आणि मागच्या दारी नेऊन कोंबड्यांपुढे पालथं करता. परत येऊन कुशीवर वळता. आई त्या झाकणाकडे बघत बसली आहे, जणू काही चूक त्याचीच होती. त्या दिवशी आम्ही काय खाल्लं ते आठवत नाही, पण त्यानंतर आमच्या घरात प्रत्येक भांडं फडक्यात धरून ठेवलं जायचं हे पक्कं आठवतं. आईच्या हातात बांगड्याही मोजक्या, वाजणार नाहीत अशा. लोकांना वाटायचं, बाई साधी आहे.

आणि टीव्ही. आळीतला पहिला टीव्ही तुम्ही आणलात, हे मी मान्य करते. खोक्यातून काढताना तुमचे हात किती हलके झाले होते तेही मी पाहिलं. बघायला माणसं जमली तर तुम्ही सगळ्यांना बाहेर घालवलंत, मागचं झाकण उघडलंत, आणि आतला स्पीकर सोडवून काढून घेतलात. मला वाटलं, दुसरा मोठा बसवणार. स्पीकरवाल्याचा टीव्ही, त्याला साधा आवाज कसा असेल! तुम्ही झाकण लावलंत, स्क्रू पिळलेत आणि म्हणालात, “चित्र दिसतंय ना? बस झाला.” एवढंच. बक्षीस द्यायचं आणि त्याची जीभ कापून द्यायची, हे तुम्हीच करू जाणे.

आम्ही दोघींनी कित्येक वर्षं मुका टीव्ही पाहिला. आई माझ्या कानाला लागून पडद्यावरच्या माणसांचं बोलणं रचायची. दरबारातला प्रधान राजाला म्हणायचा, “म्हाराज, धसईच्या बाजारात तांदळाला भाव नाय.” राणी दागिने सावरत म्हणायची, “माजी म्हस कालपासना दूध देत नाय गो, काय करू?” मी तिचाच पदर तोंडात कोंबून हसायचे. मी शिकवते त्या शाळेतल्या बायकांना हे सांगितलं की त्यांना मोठी गंमत वाटते. केवढी हुशार तुझी आई, म्हणतात. मला त्या गमतीचाच राग येतो. अशी जीभ असलेली बाई, चार बायकांत बसली असती तर मैफल गाजवली असती, आणि तिनं सगळं आयुष्य एका पोरीच्या कानात फुसफुसत काढलं. तुमच्यामुळे, आबा. आडपडदा न ठेवता लिहिते आहे.

माझंही सांगते. आठवीत सव्वीस जानेवारीला मी भाषण केलं. माईक तुमचा, कर्णे तुमचे, ॲम्प्लिफायरपुढे खुर्ची टाकून बसलेले तुम्ही. एकदाही न अडखळता बोलले मी. घरात जे जोरात बोलता येत नव्हतं ते सगळं जणू त्या भाषणात ओतलं. पहिला नंबर आला, कंपासपेटी मिळाली. टाळ्या चालू असताना मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही बटण पिळत होता. मग वायर गुंडाळता गुंडाळता म्हणालात, “माईकला एवढा चिकटून बोलायचा नाय. आवाज फाटतो.” कंपासपेटी तुम्ही पाहिलीतही नाही. मी पुढे शिक्षिका झाले, रोज पाच तास बोलते, आणि आजही कुठल्या कार्यक्रमात माईक हातात आला की तो वीतभर लांब धरते. मागे बसलेल्यांना ऐकू येत नाही. लग्न मी का केलं नाही हेही तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर खरं सांगितलं असतं की एका घरातल्या गप्प बसण्यानं माझं पोट भरलं होतं.

आता होम थिएटरचं सांगते, कारण मुद्दा तो आहे. दीड वर्षापूर्वी आई माझ्याकडे राहायला आली. माझ्याकडचा टीव्ही ती दिवसभर बघायची, आवाज शून्यावर ठेवून. मला वाटायचं, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून करत असेल. एकदा मीच आवाज वाढवला तर ती दचकली आणि दाराकडे बघायला लागली. दारात कोण येणार होतं? मग हळूहळू कळलं की तिला ऐकूही कमी येतं. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. वय झालं आहे, म्हणाले, अजून थोडं ऐकू येतं, पण ते किती दिवस टिकेल सांगता येत नाही. कानातलं यंत्र घालून पाहिलं, तिनं तासाभरात काढून हातात दिलं. “कानात किडा गेल्यासारखा वाटतं गो.” तेव्हा मी ठरवलं की जेवढं ऐकू येतं आहे तेवढ्यात हिला माणसांचं बोलणं स्वच्छ ऐकवायचं. तुम्ही काढून घेतलेला स्पीकर मी तिला परत द्यायचा. मला तर हा सूडच वाटत होता, खोटं कशाला बोलू.

बाजारातल्या दुकानात गेले तर एक भिंतभर काळे खोके. दुकानदार उत्साही. “मॅडम, बेस बघा,” म्हणून त्यानं मारामारीचा सिनेमा लावला. गाड्या उडाल्या, काचा फुटल्या. मी म्हटलं, बातम्या लावा. तो बघतच राहिला. होम थिएटर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं बातम्या मागितल्याचं त्यानं पहिल्यांदाच ऐकलं असावं. मी त्याला खोलीचं माप सांगितलं, भिंती कुठे, पलंग कुठे, आईची खुर्ची कुठे. तो म्हणाला, पाच खोके घेऊ नका, एवढ्याशा खोलीत नुसत्या वायरी पायात येतील आणि मागच्या खोक्यांसाठी जागाच नाही. टीव्हीखाली ठेवायची एक लांब पट्टी दाखवली, तिला साऊंडबार म्हणतात. पण त्या पट्टीला तोंडच दिसेना. मला तोंड असलेला स्पीकर पाहिजे होता. शेवटी दोन छोटे खोके आणि घुमणाऱ्या आवाजाचा एक वूफर असा सेट काढला, माझ्या पगारात बसणारा. त्याच्या रिमोटवर नुसतं बोलणं उठून ऐकू यावं असं एक बटण होतं. त्यावर बातम्या लावल्या तर बाईचा शब्द न् शब्द सुटा ऐकू आला. मी खोक्यावर तळहात ठेवून पाहिला, मग दुकानाच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवली आणि आवाज कुठून परत येतो ते ऐकलं. दुकानदार म्हणाला, “मॅडम, तुमी लाइनमधल्या का?” मंडपात तुम्ही अशीच टाळी वाजवायचात. माझ्या हातांनी मला न विचारता ती वाजवली, आणि भर दुकानात मला तुमचा राग आला.

घरी आणून मीच जोडलं. वायरी मला कळतात, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे नाहीत. वूफर कोपऱ्यात मांडणीखाली ठेवला तर सगळे डबे थरथरायला लागले, म्हणून त्याला कोपऱ्यातून बाहेर ओढलं आणि त्याचा जोर उतरवला. एक खोका खिडकीत ठेवला, दुसरा दाराजवळच्या स्टुलावर. आईला खुर्चीत बसवलं, मालिका लावली. आवाज बसका, दबलेला, जसा काही कुणी उशीखालून बोलतं आहे. बटणं दाबून पाहिली, वायरी काढून घातल्या. संतापून दुकानदाराला फोन लावला आणि मुलांना झापते तसं झापलं, की दुकानात एक ऐकवता आणि खोक्यात दुसरं भरून देता. तो बिचारा संध्याकाळी माणूस पाठवतो म्हणाला. आई उठली, खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, “अगो, तोंड घरात कर त्याचा. गावाला कशाला ऐकवतंस?”

मी पाहिलं. दोन्ही खोक्यांची तोंडं मी बाहेर करून ठेवली होती. एकाचं खिडकीच्या गजांकडे, दुसऱ्याचं उघड्या दाराकडे. जोडताना एकदाही मनात आलं नाही की ती आत असायला पाहिजेत. आवाजाचं तोंड लोकांकडे असतं आणि आपण मागे असतो, हे माझ्या अंगात इतकं मुरलं आहे. लहानपणी कर्णा बांधताना तुम्ही खालून ओरडायचात, “तोंड बाहेर!” आणि मी शिडीवर त्याचा गळा धरून फिरवायचे. तुम्ही माझ्याशी सगळ्यात जास्त वेळा बोललेले शब्द हेच असतील. पन्नास वर्षांची बाई, मुलांना विज्ञान शिकवते, आणि स्वतःच्या खोलीत स्वतःकडे पाठ करून स्पीकर लावते! आई पोट धरून हसली. मीही हसले, आणि हसता हसता मला इतका संताप आला की मोरीत जाऊन तोंड धुवावं लागलं. तुम्ही आयुष्यभर तेच केलंत. जी काही गाणी होती, जी काही मजा होती, ती गावाला दिलीत. आम्ही मागे राहिलो.

खोके वळवले. दुकानदाराला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, होतं मॅडम. आई खुर्चीत बसली आणि बायकांचं भांडण स्वच्छ ऐकून अर्ध्या तासानं म्हणाली, “किती खोटा बोलतात गो हे लोक. माजाच चांगला होता.” मग टीव्हीकडेच बघत तिनं जे सांगितलं ते मला आधी माहीत नव्हतं. “त्यांचे कान वाजायचे. चोवीस तास. रातकिडे असतात ना, तसा. भांडा पडला का सुई टोचल्यासारखा व्हायचा त्यांना.” मी विचारलं, तुला कधी कळलं? “तू पोटात होतीस तवा सांगितला त्यांनी. बोलले, कोनाला सांगू नको. स्पीकरवाल्याचे कान गेले बोलतील, कोन बोलावंल? धंदा बसंल.” आणि तिनं सांगितलं नाही. मला नाही, तिच्या बहिणींना नाही, तुम्ही गेल्यावर एकोणीस वर्षंही नाही. धंदा कधीच बंद झाला होता, कर्णे भंगारात गेले होते, तरी ती तो शब्द राखून बसली होती.

हे कळल्यावर माझा राग उतरायला हवा होता, असं तुम्हाला वाटेल. नाही उतरला. वाढला. दुखत होतं तर सांगायचंत, आबा. मला बोलावून एक वाक्य सांगितलं असतंत की पोरी, माझे कान दुखतात, तर मी आनंदानं पायात फडकी बांधून फिरले असते. गुन्हेगारासारखी फिरले ती मला माहीत नव्हतं म्हणून. मला वाटायचं, आमचा आवाजच तुम्हाला आवडत नाही. आईचा आणि माझा. गावाच्या सगळ्या नवरदेवांचा चालतो, आमचा नाही. हे मी चाळीस वर्षं धरून चालले. ते एका वाक्यात मोडलं असतं आणि ते वाक्य तुम्ही धंद्यासाठी गिळलंत. भाताचं पातेलं पालथं करण्यापेक्षा ते सोपं होतं.

इथपर्यंत लिहिलं ते सगळं खरं आहे. पण आज हे का लिहायला बसले ते अजून लिहिलेलं नाही. आज शनिवार, सकाळची शाळा. चार वर्ग एका खोलीत, बाहेर पत्र्यावर माकडं, परीक्षेचे कागद, आणि येताना रिक्षात शेजारच्याच्या मोबाइलवर गाणी. दीड वाजता मी जिना चढले तेव्हा डोकं फुटायचं बाकी होतं. आमच्या दारातून मालिका खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होती. आईनं आवाज शेवटच्या आकड्यावर नेला होता. खुर्ची पुढे ओढून, दोन्ही खोक्यांच्या मध्ये, रिमोट छातीशी धरून ती बसली होती आणि पडद्यावरच्या सासूला मोठ्यानं उत्तरं देत होती. फुसफुसत नव्हती. ओरडत होती. “नको ऐकू गो तिचा, खोटारडी हाय ती!” तिचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. ज्याच्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला तेच नेमकं माझ्यापुढे चाललं होतं. आणि मी दारातूनच ओरडले, “बंद कर ते!”

तिला ते ऐकू गेलं. एवढ्या आवाजातही गेलं. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. अंगठ्यानं बटण दाबलं, आवाज शून्यावर गेला. रिमोट उशीखाली सारला, पदर सारखा केला आणि चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात गेली. माझं ताट वाढलं. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवताना तिनं मध्ये फडकं धरलं. डोकं दुखतं आहे एवढंही मी तिला सांगितलं नाही. जेवले, हात धुतले आणि शाळेची वही घेऊन इथे आत येऊन बसले.

तेव्हापासून पानामागून पान तुम्हाला शिव्या घालते आहे. आता चार वाजत आले. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू आहे, पडद्याचा उजेड दाराखालून हलताना दिसतो, आणि आवाज अजिबात नाही. आईला एक वाक्य सांगायचं आहे, ते मला येतं, दुकानदाराची माफी मागताना फोनवर मी ते सहज सांगितलं होतं. तिला सांगायला माझ्याच्यानं उठवत नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसले आहे.